हातचा

रात्रीचे अकरा चाळीस. तळघरातली खोली, खिडकी नाही.
कॅपिटॉलचा घुमट डोक्यावर आहे म्हणतात,
इथून दिसते ती वाफेची गळकी नळी
आणि तिच्याखाली कुणाच्या तरी हरलेल्या प्रचारातली
निळी बादली.

मी तक्ते टाइप करते. चोवीस वर्षं झाली.
भांडणातला आकडा चौकटी कंसात,
मिटलेला उघड्यावर.
आजचं पान दोनशे सहा बघाल
तर वाटेल, सगळ्या शिवाराला कुणी कुंपणंच घातलीत,
आत पेरलंय काय ते विचारू नका.

हॉलिस बर्ड्सॉल टाय सैल करून म्हणतात,
"दोन अब्ज खाली या, मी पूल सोडतो."
तेसारोबाई संत्रं सोलतायत.
साल सबंध एका तुकड्यात निघेपर्यंत बोलत नाहीत.
मग म्हणतात, "पूल तुमच्याच जिल्ह्यातला आहे, हॉलिस."
दोघंही हसतात.
दोघांना एकमेकांच्या नातवंडांची नावं पाठ आहेत,
सकाळी कॅमेऱ्यापुढे ती नेमकी आठवत नाहीत.

शाळेत बेरीज शिकले तेव्हा
हातचा वर कोपऱ्यात लिहायचा असे, बारीक अक्षरात.
इथे तो कुणी लिहीत नाही.
मांडीवर पालथी ठेवलेली चिठ्ठी,
राखून ठेवलेला शेवटचा नकार,
कोटाच्या आतल्या खिशातली एक फोनची वेळ:
बेरीज त्यावरच चालते.

ओळ एक्केचाळीस.
नद्यांची पातळी मोजणारी केंद्रं, दुर्गम भाग.
रक्कम चार लाख.
तक्ता दशलक्षांचा आणि पूर्णांकातला,
म्हणून छापून येतं शून्य.
शून्याला कंस घालून भांडणार कोण?
पानाच्या तळाशी दरवर्षी मी एक वाक्य टाकते:
पूर्णांकांमुळे बेरीज जुळेलच असे नाही.
अख्ख्या विधेयकात एवढं एकच वाक्य
मी शपथेवर वाचून दाखवीन.

देझमंड, वय तेवीस, बूट काढून बसलेला,
जांभई अर्धी गिळून विचारतो,
"ही शून्याची ओळ काढू का?
तिच्यामुळे तक्ता पुढच्या पानावर सांडतोय."
बर्ड्सॉल तेसारोबाईंकडे बघतात,
तेसारोबाई बर्ड्सॉलकडे.
प्रत्येकाला वाटतं, ही समोरच्याची असणार.
"काढा."
"काढा."
रात्रीतलं पहिलं एकमत.
वेळ: तीन सेकंद.

बाकी काही मिटलं नाही.
बाराला चार मिनिटं असताना
घोंगडं आणखी सतरा दिवस भिजत टाकायचं ठरलं,
टाळ्या नाहीत, कोट चढवण्याची घाई,
संत्र्याची साल टेबलावर तशीच,
गुंडाळल्यासारखी, जणू आत अजून काही आहे.

मी एकटी उरले. पुरवणी कागद फाडायचे होते.
केंद्र तेरा, ओफर्स फोर्क, आयडाहो.
देखभाल: ऑर्लन पिकेट, अर्धवेळ.
खाली एक फोन नंबर.
का फिरवला, ठाऊक नाही.
तिकडे रात्रीचे दहा असतील. कुणी माणूस उचलेल असं वाटलं,
उचललं यंत्रानं.
एका बाईचा सपाट, न झोपलेला आवाज:
पातळी दोन फूट नऊ इंच.
मागच्या तासापेक्षा एक इंच वर.
मग पुन्हा तेच. पुन्हा.
तिला कुणी काही कळवलेलं नव्हतं.

फोन कानाला धरूनच
पान दोनशे सहाच्या वरच्या कोपऱ्यात
मी पेन्सिलीनं एक लिहिला. बारीक.
छापखान्याचा पोरगा गठ्ठा न्यायला आला
तेव्हा खोडायचा राहिला.
कुणी विचारलंच
तर असंच सांगेन, राहिला.