वजाबाकी

धायरी फाट्याशी, हार्डवेअरच्या दुकानावर
डॉक्टर गुजरांचा दवाखाना.
बाळांचा काटा बिघडलाय, दुरुस्तीला दिलाय,
म्हणून शेलारमावशी म्हणाल्या,
बाळाला घेऊन मोठ्या काट्यावर उभ्या राहा.
आता द्या तिला माझ्याकडे.
आता एकट्या.

त्रेपन्न नऊशे.
सत्तेचाळीस तीनशे.
राहिले सहा सहाशे: कस्तुरी, वय पाच महिने.
फाईलमधल्या चढत्या रेघेवर
मावशींनी निळा ठिपका दिला.
आकडेमोड औषध कंपनीच्या पॅडवर केलेली,
तो कागद चुरगळून टोपलीत.

मला वाईट नाही वाटलं.
वजाबाकीत खाली जे लिहितात
ते जायचंच असतं, तिसरीतच शिकलोय.

फक्त आठवलं,
शालू नेसवताना आत्या पुटपुटलेली,
निऱ्या पुरेनात गं तुला.
अठ्ठावन्न होते मी तेव्हा.
दहा-अकरा किलो कुठे सांडले?
काही त्या चहाबरोबर, जो रोज साय धरतो
आणि दुपारी सिंकमध्ये जातो.
काही रात्री तीनला, गॅलरीत,
हायवेवरचे ट्रक मोजत तिला थोपटताना.
आणि बाथरूममध्ये, नळ सोडून
(टँकर आलेला, बादल्या भरत होते,
विचारलंच कुणी तर).

दिगंबर बाकावर झोपलाय, तोंड उघडं.
चाकणची रात्रपाळी उरकून सरळ इथे.
मांडीवर हेल्मेट,
एक हात त्याच्या खाली,
मान सांभाळावी तसा.

डॉक्टर सुईची जागा पुसतात.
झोपते का? शी होते? हसते?
झोपते. म्हणजे, दिवसा. होते. हसते.
मग चष्म्यावरून, "आणि तुम्ही?"

मी काय, म्हटलं, मी पण...
आणि गाडी तिथेच अडली.
शब्द चाचपत राहिले,
अंधारात तिचं टोपडं चाचपते तशी.

बाहेर अजून नऊ नंबर होते.
कुणाचं तरी बाळ टिपेला पोचलेलं.
डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं
आणि बसून राहिले.

मावशींनी टोपलीतून तो कागद काढला,
टेबलाच्या कडेवर घासून सरळ केला.
"नाव सांगा. बाळाचं नाही, तुमचं."

सांगितलं.
आधी आडनावच आलं तोंडात.

मग त्या बाकाशी गेल्या,
दिगंबरच्या खांद्याला हात लावून म्हणाल्या,
"चला दादा, तुम्हीपण काट्यावर.
आणि ते हेल्मेट ठेवा आधी खाली."