एकटीपुरतं

सांता इफिजेनियाच्या रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर,
जिथली लिफ्ट कायम बंद, त्या इमारतीत माझा गाळा.
गाळा कसला, कपाटच. मी आत उभा राहिलो
की गिऱ्हाइकाने बाहेरच राहायचं.
खाली पास्तेल तळतात, त्याचा वास वर येतो,
माझ्या सोल्डरिंगचा धूर खाली जातो.
फिटंफाट.

जूनमधला मंगळवार. साओ पावलोची भुरभुरती थंडी.
ती धापा टाकत जिने चढून आली,
छत्री कोपऱ्यात उभी केली, म्हणाली,
"जुने गेम खेळायचं हातातलं यंत्र दाखव."
"नातवासाठी?" मी विचारलं.
तिने असं पाहिलं
की मी काउंटर पुसायला घेतलं.

नाव इव्होनेची. बोम रेतिरोच्या कारखान्यात
एकतीस वर्षं शर्टांना बटणं लावते.

मग मी माझं पाठांतर सुरू केलं:
हे आडवं, हे उभं, हे डबीसारखं मिटणारं,
याचा पडदा जुन्या टीव्हीच्या मापाचा,
कडेला काळ्या पट्ट्या येत नाहीत,
याची बॅटरी सात तास, त्याची पाचच, पण वेग बघा,
आणि या कार्डात सहा हजार गेम –
"सहा हजार? मला एकच हवाय.
बाकीचे काढून घेतलेस तर स्वस्त पडेल का?"

मला हसू आलं. ती हसली नाही.

चष्मा काढून तिने पर्समध्ये ठेवला.
पडद्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.
एकेक यंत्र उचलायची, कानाशी धरायची,
अंगठ्याने बटण दाबायची.
"हे सैल. दोन धुण्यांत निघेल."
"हे काजात अडकतंय."
"याची चार टोकं सारखी बोलत नाहीत, उजवं मुकं आहे."
उजवं खरंच मुकं होतं.
मला फेब्रुवारीपासून माहीत होतं.

मग, मी विचारलं नव्हतं तरी, सांगू लागली.
घरात दोन भाऊ, दोन कंट्रोलर.
हिच्या हातात तिसरा द्यायचे, जुना,
त्याची वायर सोफ्याखाली खोचलेली.
"तो निळा तुझा," म्हणायचे, "दाब, जोरात दाब!"
ती दाबायची. निळा उडी मारायचा.
कधी नाही मारायचा, तेव्हा वाटायचं
आपलंच चुकलं.
दोन वर्षांनी केर काढताना
वायरीचं टोक हाती आलं, कशालाच न जोडलेलं.
तिने ते होतं तिथेच परत सरकवलं
आणि संध्याकाळी खेळायला बसली.

मी गप्प. आम्हीही धाकटीला कधी –
असो.

"यावर दोघांना खेळता येतं?" तिने विचारलं.
मी उत्साहाने: येतं की! या महागातल्याला
मागे जागाच दिलीय, दुसरा कंट्रोलर लागतो,
हवा तर मी स्वस्तात –
तिने ते खाली ठेवलं.
"मग हे नको."

करडं, उभं, पाठीवर ओरखडा असलेलं घेतलं.
ओरखड्याचे चाळीस रेयाइस कमी करून घेतले.

तिथेच चालू केलं. पहिल्याच खड्ड्यात पडली.
मग पुन्हा त्याच.
"कुठे काय येतं ते पाठ आहे मला,"
पडद्यावरची नजर न काढता म्हणाली,
"डोळ्यांना. अंगठ्यांना कुणी सांगितलंच नाही."
अकरा वेळा पडली. मागे गिऱ्हाइकं खोळंबली.
एक पोरगा पुढे वाकून, अगदी प्रेमाने:
"द्या मावशी, एवढं मी पार करून देतो."
तिने यंत्र पोटाशी धरलं,
मांजराचं पिल्लू धरावं तसं,
आणि निघाली.

छत्री कोपऱ्यातच राहिली. मी हाक मारणार होतो,
पण पावलं दुसऱ्या वळणावर थांबलेली.
जिन्यातून तोच पडल्याचा आवाज आला,
पुन्हा आला,
पुन्हा,
मग बराच वेळ आला नाही.
खाली पास्तेलवाल्याने
कढईत काहीतरी सोडलं.