अंगठ्याची जागा

परवान्याच्या अर्जात एक रकाना उरला होता : मूळ.

घरात ते सगळ्यांना पाठ होतं.
निल्लास आजोबांनी सत्तेचाळीस साली
व्हाद्सोच्या कुणा बोटवाल्याकडून ही बंदूक घेतली,
दोन रेनडिअर आणि आजीचं शिवणयंत्र देऊन.
(यंत्राचं नाव निघालं की आजी उठून चुलीपाशी जायची.)
नळी सुरू होते तिथं पोलादात
जो गुळगुळीत खळगा आहे, बोराएवढा,
तो आजोबांच्या अंगठ्यानं झिजलेला,
बंदूक मांडीवर आडवी धरून
चाळीस वर्षं एल्कची वाट बघताना.
आम्ही पोरं पाळीपाळीनं तिथं अंगठा ठेवायचो.
माझा बुडायचा.

किर्केनेसच्या ओडमुंडनं भिंग लावलं,
बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला,
"अंगठ्यानं लोणी झिजतं, रिस्टेन.
ही कानस आहे."
तिरके ओरखडे, डावखुऱ्या हाताचे.
आजोबा डावखुरे होते.

ओरखड्यांच्या कडेला काहीतरी उरलं होतं :
एका पंखाचं टोक, तीन पिसं.
बर्चचा दस्ता घरी तासलेला.
आत, लाकडाखाली, साल : चव्वेचाळीस.

त्या हिवाळ्यात माघारी जाणाऱ्या फौजेनं
आमच्या काठावरचं घर न् घर पेटवलं,
होड्यांच्या खोपटांसकट.
माणसं मातीच्या खोपीत राहिली, मासे उकडून.
शिवणयंत्र तेव्हाच गेलं असणार. त्याचं चाक
बाबांना तळघर खणताना सापडलं होतं,
आम्ही त्याला नांगर समजून खेळलो.

मग बंदूक कुठली?
बर्फात पडलेली? कुणी टाकलेली?
की कुणाच्या हातातून,
एकोणीस वर्षांच्या कुणा गार पडलेल्या हातातून,
बोटं एकेक करून सोडवत?

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
ताना तर दारातूनच वाहते,
तिला कुणी काही विचारलं नाही.

रकान्यात मी लिहिलं : व्हाद्सो, १९४७.
अर्ज मंजूर झाला. शिक्का जरा वाकडा पडला.

शनिवारी पहाटे दव गोठलेलं.
एल्कची मादी वासरू घेऊन उथळ पाण्यात उतरली,
थांबली, माझ्या दिशेनं कान केले,
पलीकडे गेली.
मी हातमोजा काढून
अजून ती तीन पिसं चाचपत होते.