निवडण-टिपण

कंपनीला एकवीस दिवस ब्लॉक क्लोजर.
गेटवर नोटीस, नोटिशीखाली सही,
सहीखाली कुणीतरी पानाच्या पिचकारीनं केलेली आपली सही.
अंबडहून गाडी वळवून साडेसातला घरी,
डबा तसाच भरलेला.

कुंदा द्राक्षांच्या पॅकहाऊसला जाते, मोहाडीला.
सीझनचा शेवटचा माल. पहाटे पाचची गाडी, त्रिमूर्ती चौकातून.
जाताना बजावून गेली:
जुईलीला सुट्टी लागलीय, मोबाइल द्यायचा नाही,
टीव्ही नाही, डोळ्यांचे डॉक्टर ओरडलेत.
मी मान डोलावली. तेव्हा मला दिवसाची लांबी माहीत नव्हती.

पहिला दिवस खोक्यानं तारला.
द्राक्षांचा रिकामा खोका आधी फ्रिज झाला,
मग लिफ्ट, मग तिची शाळा.
मग ती आत बसून म्हणाली, मला एक्सपोर्ट कर.
केली. ओट्यापर्यंत.
परदेशात खूप थंडी आहे म्हणून परत आली.

दुसऱ्या दिवशी कपड्यांचे चिमटे मोजले. एकोणतीस.
उलटे मोजले, तरी एकोणतीस.
याचं तिला फार नवल वाटलं, आणि मग मलाही.
गॅलरीतून पांडवलेण्यांची टेकडी दिसते,
ती तिनं एक डोळा मिटून अंगठ्यानं झाकली.
म्हणाली, आता वरची माणसं काय करतील?

तिसऱ्या दिवशी मी अकरालाच संपलो.
मशीनवर मिनिटाला चार पीस निघतात.
घरात एका मिनिटातून
काहीच निघत नाही.

मग ताटात राजमा, चवळी, वाटाणे एकत्र ओतले.
म्हटलं, जुई, घोटाळा झालाय.
या तीन वाट्या. सगळ्यांना आपापल्या घरी पोचव.
तिनं नसलेल्या बाह्या वर केल्या.
चाळीस मिनिटं. चाळीस!
तेवढ्यात भांडी घासली, दाढी केली,
निकुंभ साहेबांना दोनदा फोन लावला.
एंगेज. एंगेज.

रात्री ती झोपल्यावर
तिन्ही वाट्या ताटात उपड्या केल्या,
आवाज होऊ नये म्हणून हळू, हातानं कालवल्या.
सकाळी पुन्हा घोटाळा.
असा आठवडा गेला.
बाबा, हे रात्री भांडतात का?
नाही गं, एकमेकांकडे जाऊन बसतात.
रोज एखादा वाटाणा कमी भरायचा.
सोफ्याखालचे आम्ही गैरहजर धरले.

लाज वाटली नाही असं नाही.
झालेलं काम रात्री उलटवायचं
आणि सकाळी त्यालाच काम म्हणायचं.
पण ती निवडताना जीभ बाहेर काढते,
आणि किडका वाटाणा दिसला
की त्याला वेगळा, खिडकीत, उन्हात ठेवते.

अठराव्या दिवशी ग्रुपवर मेसेज आला:
क्लोजर आणखी पंधरा दिवस.
मोबाइल पालथा ठेवला
आणि भिंतीकडे बघत बसलो.
भिंतीवर कॅलेंडर होतं. त्याच्याकडे नाही,
भिंतीकडेच.

किती वेळ कोण जाणे.
मागे खळ्ळकन वाजलं.
ताटात तिन्ही वाट्या उपड्या,
वर मूठभर शेंगदाणे, चार चिमटे, माझ्या शर्टाचं एक बटण,
आणि कागदाच्या पुडीत जपून ठेवलेला
तिचा पडलेला दात.

बाबा, घोटाळा झालाय.
हुबेहूब माझा आवाज,
आणि खोटं बोलताना माझ्यासारखंच
नाक खाजवणं.

मी मांडी घालून बसलो.
ती सोफ्यावर चढली, पाय हलवत म्हणाली,
सावकाश कर. मी आहे घरीच.

राजमा झाला. चवळी होत आली.
ऊन खिडकीतल्या किडक्या वाटाण्यांवरून
ताटापर्यंत आलं.
दात कुठल्या वाटीत टाकायचा,
हे अजून ठरत नाहीये.