फेरपरीक्षेची आदली रात्र, कुडचडे

पेपर उद्या दहाला. मडगावची बस सातची.
संख्याशास्त्र एक, माझं दुसऱ्यांदा.
लॉर्नाच्या नोट्समध्ये पानोपानी नाणी उडतात,
पिशवीत पाच लाल चेंडू, तीन निळे,
एक काढायचा, बघायचा, परत टाकायचा.
कुणाची पिशवी, कशाला टाकायचा परत,
तिलाही ठाऊक नाही. तिला पंच्याऐंशी पडले.

मला खरे आकडे हवे होते, कुणीतरी मोजलेले.
म्हणून बाबांच्या ट्रंकेतली वही काढली.
सावर्ड्याच्या धक्क्यावर बाबा सॅम्पलर होते:
बार्ज भरताना दर दहाव्या ट्रकातून एक फावडं,
ढीग करायचा, दाबून चपटा करायचा, चार वाटे,
समोरासमोरचे दोन फेकायचे, उरलेल्याचा परत ढीग,
असं करत करत अख्खी बार्ज
एका पिशवीत मावायची. वर चिठ्ठी, लोखंड किती टक्के.
समष्टी आणि नमुना, पान चार.
बाबांनी ते पान पाहिलेलं नाही.

एक आठवडा निवडला, मनाला येईल तो.
(यादृच्छिक म्हणजे हे नव्हे, माहीत आहे.)
अठ्ठावन्न, एकोणसाठ, सत्तावन्न, साठ,
अठ्ठावन्न, एक्केचाळीस, एकोणसाठ.
बेरीज तीनशे ब्याण्णव, सरासरी छप्पन्न.
आणि छप्पन्न तर एकाही दिवशी नाही!
मध्यक अठ्ठावन्न. बहुलक दोन, भांडत बसलेले.
विचलनांची बेरीज शून्य आली, म्हणजे हात बरोबर चाललाय.
मग वर्ग केले: दोनशे अडुसष्ट,
त्यातले दोनशे पंचवीस
एकट्या एक्केचाळीसचे.

पेन्सिलीने त्याच्यावर फुली मारली.
सर म्हणाले होते, असा एखादा असतोच,
वाचण्यात चूक, लिहिण्यात चूक,
काढून टाका, सरासरी शहाणी होते.
झाली. साडेअठ्ठावन्न. मला हायसं वाटलं.

बाबा पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभे होते.
"ती फुली कित्याक गो?"
"चुकीचा आहे, बाबा. बाकीच्यांपासून फार लांब."
ते खुर्ची ओढून बसले. बराच वेळ काही नाही,
कासवछाप जळत होतं, स्टेशनात मालगाडी शंटिंग करत होती.
मग म्हणाले, त्या दिवशी ट्रकांवर वर खनिज होतं,
खाली नुसती माती, ओली, तांबडी.
मी फावडं खोल घातलं.
मिनेझिस म्हणाला, पुंडलिक, अठ्ठावन्न लिही,
सगळे अठ्ठावन्न लिहितात.
"मी चार वेळा वाटे केले गो. चारही वेळा एक्केचाळीस."
पुढचे सात महिने त्यांना धक्क्यावर पाय ठेवू दिला नाही.
आई त्या वर्षी पेडामळच्या बेकरीत पाव मोजायची.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
मी तेव्हा दुसरीत असेन, मला फक्त पाव आठवतात.

"तुमच्या पुस्तकात काय म्हणतात त्याला?"
"आउटलायर."
त्यांनी शब्द दोनदा म्हणून पाहिला,
बार्जचं नाव वाचावं तसा.

मी फुली खोडली. कागदाला चर राहिला.
आता बाकीचे सहा माझ्याकडे बघत होते,
सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकमेकांना इतके चिकटून,
इतके कमी विचलन असलेले.

"सात दिवसांवरून मिनेझिसाबद्दल काही सांगता येतं?"
"नाही बाबा. नमुना फार लहान आहे."
"आणि बत्तीस वर्षांवरून?"
मी प्रमाण त्रुटीचं सूत्र शोधायला पान उलटलं,
ते हसले, दिवा डोळ्यांवर येतो म्हणाले, आत गेले.

बेझचं प्रमेय तसंच राहिलं.
लॉर्ना म्हणते, पाच मार्कांना हमखास येतं.
पुरावा हातात आल्यावर
आधीचा विश्वास किती बदलायचा, असं काहीतरी आहे.