दोडक्याची नोंद

दूधवाल्याच्या हिशेबाच्या पानावर
मी आणखी एक हिशेब ठेवतो, पेन्सिलीनं, बारीक:
सोमवार, भोपळा, पाहिला.
गुरुवार, भोपळा, नाक मुरडलं.
शनिवार, भोपळा, बोट लावून फ्रॉकला पुसलं.

जुईली साडेचार वर्षांची आहे
आणि पांढरं खाते.
भात, दही, खिचू, इडलीचा मधला भाग.
कडेचा नाही, कडेला साच्याचा वास येतो म्हणते.
(मी हुंगून पाहिलं. येतो.)
वरण भाताला लागलं
की तो भात तिच्यापुरता मेला.
शेवटी शलाकानं मंगळ बाजारातून
खणांची थाळी आणली,
आता आमच्याकडे सगळे पदार्थ
आपापल्या सोसायटीत राहतात.

खालच्या भाविनीबेनकडे मात्र
हीच मुलगी रिंगणचं शाक खाते.
वांगं! काळं, तेलकट, बियांसकट,
ध्रुवीच्या ताटलीतून, ध्रुवीच्या बोटांनी कुस्करलेलं,
दोघी जमिनीवर मांडी घालून,
कुणी बघत नसताना.
हे कळलं त्या संध्याकाळी
शलाका बराच वेळ ओटा पुसत राहिली.
पुसलेला ओटा.

डॉक्टर मझुमदारांनी वजन केलं,
डोळ्याखालची कड ओढून पाहिली
आणि औषध लिहिलंच नाही.
म्हणाले, वाढा आणि बोलू नका.
चिऊचा नको, काऊचा नको,
आणि हे संपवलंस तर श्रीखंड, हे तर मुळीच नको,
त्यानं श्रीखंड मोठं होतं, भोपळा आणखी लहान.
जीभ अनोळख्याला बिचकते, तिचं कामच ते.
दहादा येऊ दे त्याला दारात, पंधरादा येऊ दे.
गप्प बसणं जमेल का?
हे त्यांनी मला विचारलं.

मला जमत नाही.
माझ्या गळ्यात माझे बाबा बसलेले असतात.
प्रतापनगरला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून,
एक पोतं मोजल्याशिवाय सोडलं नाही त्यांनी
आणि माझं एक ताट.
दर गुरुवारी दोडका.
पाणचट, गिळगिळीत, दाताखाली शिरा.
ते समोर पेपर घेऊन बसायचे,
पान उलटायचं तेवढ्या आडोशात
मी एकेक फोड चड्डीच्या खिशात घालायचो.
कपडे आई धुवायची.
ती एकदाही काही बोलली नाही.
फक्त एका मे महिन्यात
माझ्या सगळ्या चड्ड्यांच्या खिशांना
आतून मेणकापडाचं अस्तर आलं.

काल खंडेराव मार्केटात जुईली बरोबर होती.
सुरणाला म्हणाली, हा आंघोळ करत नाही.
मग ढिगातून तिनं नेमका दोडका उचलला,
शिरांवरून नख ओढलं, कर्रर्र वाजला.
"बाबा, हा घेऊ. हा वाजतो."
माझं नाही म्हणणं तोंडाशी येईपर्यंत
अर्धा किलो तोलून पिशवीत पडला होता.

रात्री ताटं मांडली.
तिच्या खणात भोपळा, वेळ बारावी.
माझ्या ताटात शलाकानं
सवयीनं दोडका वाढलाच नाही.
जुईलीनं ते पाहिलं.
भांड्यातून चमच्यानं एक फोड उचलली,
एक सांडली, दुसरी उचलली,
आणि माझ्या ताटात ठेवली, भातापासून लांब,
कशाला कशाला लागणार नाही अशी.
मग काही बोलली नाही.
माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही,
दहीभात जेवत राहिली
एखाद्या मोठ्या माणसासारखी.

फोड निवत गेली. तिच्यावरचं तेल थिजलं.
डावा हात आपोआप खिशाकडे गेला:
किल्ल्या, पेन्सिल,
नुसतं सुती कापड.

झोपण्याआधी लिहिलं:
रविवार, दोडका, बाबा, पाहिला.

तिचा भोपळ्याचा खण रिकामा होता.
फ्रॉकला खिसा आहे का,
ते मी पाहिलं नाही.