इथवर

आमचं वाचनालय ड वर्गाचं.
दोन कपाटं, एक टेबल, एक पंखा
जो चारवर ठेवला तरी दोनसारखा फिरतो.
भिंतीपलीकडं ग्रामपंचायत. तिचं वायफाय
नेमकं आमच्या पायरीपर्यंत पोचतं.
पायरी कधी रिकामी नसते.
आत मी असतो.

तपासणीचे साहेब येणार असले
की मी रजिस्टर पायरीवर नेतो.
करा रे सह्या.
पोरं मान वर न करता डाव्या हातानं सही करतात,
उजवा अंगठा चालूच.
कागदावर आमच्या गावात
रोज एकेचाळीस वाचक.

या उन्हाळ्यात कपाटं झाडायला काढली.
पुस्तकं उलटी धरून झटकली,
तर आतल्या खुणा भुईवर.
कुठली कुठल्या पानातली, आता कोण सांगणार?
तीन पुस्तकं अशी गेल्यावर अक्कल आली,
मग एकेक उघडत बसलो.

तेंदूचं पान, शिरा तेवढ्या उरलेल्या : पान दोनशे चौदा.
पारवा–घाटंजी एसटीचं तिकीट : एकशे नव्वद.
कापसाच्या काट्याची चिठ्ठी, तिच्या पाठीवर पेन्सिलीनं
'हा मरू नये.'
(तो मेला, चार पानांनी पुढं.)
एका भुताच्या गोष्टीत मोहाचं फूल,
चपटं, अजून जरा गोडसर वासाचं.
कुणाचा तरी लांब केस, गाठ मारलेला,
तीनशे दोनवर, शेवटून दुसऱ्या पानाला.
इतक्या जवळ येऊन ती कुठं गेली असेल?

मग रिचार्जचं खरवडलेलं कूपन : पान चाळीस.
चॉकलेटचा कागद : अकरा.
मग सहा.
मग नुसती पुस्तकं,
डिंकाच्या वासाची, पाठ कधी न वाकलेली.

आणि एका जाड कादंबरीत, पान सतरा,
माझ्याच चष्म्याची पावती.
मागच्या दिवाळीची.

त्या रात्री अंगणात बाज टाकून ती उघडली.
तीन ओळी झाल्या. खिसा थरथरला.
थरथरला नव्हता. पाहिलं तर काहीच नव्हतं.
मग ते काहीच नसलेलं
वीस मिनिटं पाहत राहिलो.
चौथी ओळ सापडेना म्हणून पुन्हा पहिलीपासून.
त्या कादंबरीतला माणूस
दिवाळीपासून बंडीतून उतरतोच आहे,
एक पाय चाकावर.

पंचफुलाबाई गेडाम मंगळवारी येतात, बाजार करून.
अक्षरं शिकल्या तेव्हा त्यांना नातू झाला होता.
एक पुस्तक सात महिने ठेवतात.
दंड मी कधी लावला नाही.
मोबाइल त्यांच्याकडंही आहे,
रात्री झोप लागेस्तोवर पाहतात,
कधी कधी झोप लागल्यावरही तो चालू असतो, म्हणाल्या.

मी विचारलं, बाई, वाचताना लक्ष लागते का?

"लागत नाई बावा.
हे बोट ठेवलं का तेवढ्यापुरतं थांबते.
उचललं का गेलं."

आणि दाखवलं. तर्जनी, नख काळं पडलेलं,
शब्दाखाली अशी टेकवली
जशी चुलीवरच्या भांड्याला आपण हात लावतो,
तापलंय का पाहायला.
मग पुढच्या शब्दाखाली.
पिशवीत कांदे, आणि वरून मेथी सुकत चाललेली.
तरी त्या सावकाशच होत्या.

दुपारी कुणी नव्हतं. म्हणजे आत.
मी पावती काढली, चाकाखाली बोट ठेवलं.
लाज वाटली, पहिलीतल्या पोरासारखी.
दाराकडं एकदा पाहून घेतलं.
त्या माणसाचा दुसरा पाय खाली आला.
धूळ उडाली, असं लिहिलंय.
त्यानं बैल सोडले. कुणाला तरी हाक मारली.
कुणाला, ते एकोणीसवर आहे.

बाहेर पायरीवर पोरं कशाला तरी हसली.
काय झालं ते बघायला मी उठलो नाही, असं लिहिणार होतो.
उठलो.
पण पावती ठेवून उठलो.